ब्रेन हॅमरेजनंतरचे दुसरे वर्ष: चालणे-बोलणे आले, पण पुढाकार गेला

केतकी_सातारा

माझ्या यजमानांना (वय ५२, राज्य शासनाच्या सेवेत) मागच्या वर्षी उन्हाळ्यात मेंदूत मोठा रक्तस्राव झाला. रक्तदाबाची गोळी लिहून दिलेली होती, परंतु ती डोके जड वाटले तरच घ्यायची, असा त्यांचा खाक्या होता. डाव्या बाजूच्या थॅलॅमसमध्ये (मेंदूच्या खोल भागातील संदेशांच्या केंद्रात) रक्तस्राव होऊन रक्त मेंदूतील पोकळ्यांमध्येही उतरले होते. साचलेले पाणी काढण्यासाठी डोक्यातून नळी घालावी लागली, व्हेंटिलेटर लांबला, गळ्याला छिद्र पाडावे लागले. पहिल्याच रात्री आम्हाला सांगण्यात आले होते की वाचलेच तर अंथरुणावर राहतील.

आज ते काठी घेऊन अंगणात चालतात, उजव्या हाताने चमचा धरतात, सगळ्यांना ओळखतात आणि विचारले तर नीट उत्तर देतात. भेटायला येणारा प्रत्येक जण "केवढी सुधारणा!" म्हणून जातो. तपासणीला गेलो की डॉक्टर हाताची पकड बघतात, दोन पावले चालवतात आणि समाधान व्यक्त करतात.

घरातली परिस्थिती मात्र निराळी आहे. सकाळी कोणी उठवले नाही तर ते जागे असूनही पडून राहतात. परवा त्यांना चहा करायला सांगितले. त्यांनी गॅस पेटवला, पातेल्यात पाणी घातले, पाणी उकळू लागले आणि ते ओट्याला टेकून त्याकडे बघत उभे राहिले. "साखर घाला" म्हटल्यावर साखर घातली आणि पुन्हा थांबले. चहाची कृती ते विसरलेले नाहीत, कारण तोंडी विचारले तर क्रमाने सांगतात. ते दुःखी दिसत नाहीत, रडत नाहीत, चिडतात मात्र एकदम. मुलीचा दहावीचा निकाल लागला तेव्हा "बरं झालं" म्हणाले आणि टीव्हीकडे वळले. एरवी त्यांनी गल्लीत पेढे वाटले असते.

माझे प्रश्न असे आहेत. दीड वर्षानंतर बुद्धीच्या बाजूने आणखी सुधारणा होते का? हे नैराश्य आहे की दुसरे काही? घरात आम्ही नेमके काय करावे? आणि रजा संपत आली आहे, तर कार्यालयातून सुचवले जात आहे त्याप्रमाणे स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्यावा का?

मेंदूवैद्य

केतकीताई, रुग्णाला न तपासता निदान करणे योग्य नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण विवेचन समजावे. तरीही तुमचे चहाचे वर्णन इतके नेमके आहे की ते पुढच्या भेटीत तुमच्या डॉक्टरांना जसेच्या तसे वाचून दाखवा, असा माझा आग्रह आहे. पाच मिनिटांच्या तपासणीत हाताची पकड कळते, पण ओट्याजवळ थांबणे कळत नाही.

कृती माहीत असणे आणि ती स्वतःहून सुरू करून पुढच्या टप्प्यावर जाणे, ही मेंदूची दोन वेगळी कामे आहेत. दुसरे काम मुख्यतः मेंदूच्या पुढच्या भागाचे असते आणि त्या भागाकडे जाणारे-येणारे बरेचसे मार्ग थॅलॅमसमधून जातात. मिरज जंक्शनवर सिग्नल बिघडला तर रूळ, डबे, इंजिने सगळे शाबूत असूनही गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात, तसा हा प्रकार आहे. वैद्यकात याला औदासीन्य किंवा अ‍ॅपथी म्हणतात. नैराश्यात माणसाला वाईट वाटते, अपराधी वाटते, झोप आणि भूक बिघडते. अ‍ॅपथीत त्याला फारसे काही वाटतच नाही. पक्षाघातानंतर (मेंदूतील रक्तस्राव हाही त्याचाच एक प्रकार) साधारण एकतृतीयांश रुग्णांना केव्हा ना केव्हा नैराश्य येते आणि दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडून हे वेगळे करून घ्यावे. नैराश्य असेल तर औषधाचा उपयोग होतो. मात्र नैराश्य नसताना, केवळ मेंदू लवकर भरून यावा म्हणून फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध देण्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये तीन हजारांहून अधिक पक्षाघातग्रस्तांवर झालेल्या चाचणीत (२०१८) त्याने कार्यक्षमतेत सुधारणा दिसली नाही, उलट हाडे मोडण्याचे प्रमाण थोडे वाढले.

दीड वर्षानंतर काय, हा मूळ प्रश्न. "जे व्हायचे ते सहा महिन्यांत" हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकवले जाते. रक्तस्रावाच्या बाबतीत ते फार ढोबळ आहे. साकळलेले रक्त शोषले जायला आणि सूज उतरायला आठवडे-महिने लागतात, त्यामुळे अनेकदा सुरुवातीचे चित्र प्रत्यक्ष इजेपेक्षा भयंकर दिसते. क्लिअर-३ आणि मिस्टी-३ या मेंदूतील रक्तस्रावाच्या उपचारांवरील दोन मोठ्या चाचण्यांमधील रुग्णांचा एकत्रित अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसाव्या दिवशी गंभीर परावलंबी असलेल्या ७१५ जणांपैकी सुमारे ४३ टक्के लोक वर्षाअखेरीस चालण्याफिरण्याइतपत स्वतंत्र झाले होते. म्हणूनच अमेरिकन मार्गदर्शक सूचनांमध्ये असे सांगितले आहे की, रुग्णाने किंवा कुटुंबाने आधीच तशी इच्छा व्यक्त केलेली नसेल, तर हृदय बंद पडल्यास पुनरुज्जीवनाचे प्रयत्न न करण्याचा निर्णय किमान दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत पुढे ढकलावा. घाईने आशा सोडली की उपचार मंदावतात आणि मग भाकीत आपोआप खरे ठरते. वर्षानंतर सुधारणेचा वेग कमी होतो हे खरे, पण लक्ष, भाषा आणि दैनंदिन कौशल्ये यांत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही भर पडताना मी पाहिली आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. फ्रान्समधील लील येथे रक्तस्रावातून वाचलेल्या आणि आधी स्मृतिभ्रंश नसलेल्या २१८ रुग्णांचा पाठपुरावा करण्यात आला (२०१६). त्यांच्यापैकी पहिल्या वर्षात सुमारे १४ टक्के आणि चार वर्षांत सुमारे २८ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश झाला. मेंदूच्या पृष्ठभागाजवळ रक्तस्राव झालेल्यांमध्ये हे प्रमाण अधिक होते, कारण त्यांच्या रक्तवाहिन्यांत बहुधा अमायलॉइड नावाचे प्रथिन साचण्याचा आजार आधीपासून असतो. तुमच्या यजमानांचा रक्तस्राव खोल भागातला आणि रक्तदाबामुळे झालेला दिसतो. त्यामुळे १३०/८० च्या आसपास रक्तदाब ठेवणे हा त्यांच्या बुद्धीचाही उपचार आहे, केवळ दुसरा झटका टाळण्याचा नव्हे. घरी यंत्र ठेवा, वहीत लिहा.

आणि "आता हे असेच" असे मान्य करण्याआधी काही दुरुस्त होण्याजोग्या गोष्टी तपासून घ्या: पोकळ्यांमध्ये पुन्हा पाणी साचत आहे का (चाल मंदावणे, लघवीवर ताबा न राहणे, सुस्ती), सोडियम, थायरॉइड, बी-१२, रात्री घोरताना श्वास अडकतो का, आणि फिट्सच्या गोळ्या. लेव्हेटिरासेटम चालू असेल तर काही जणांमध्ये चिडचिड आणि सुस्ती त्यानेच येते. गोळी मनाने बंद मात्र करू नये, डॉक्टरांना विचारावे.

दक्षिणायन

मेंदूवैद्य यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण ४३ टक्क्यांच्या आकड्याविषयी सावध करावेसे वाटते. त्या चाचण्यांमध्ये घेतलेली माणसे आधी पूर्ण स्वतंत्रपणे जगणारी होती आणि त्यांना निवडक केंद्रांत उपचार मिळाले. तालुक्याच्या गावातून रुग्णवाहिकेने चार तास प्रवास करून आलेल्या सत्तरीच्या माणसाला तो आकडा लावता येणार नाही.

माझ्या आईचा रक्तस्राव याहून मोठा होता. शस्त्रक्रिया करून कवटीचा तुकडा काढून ठेवावा लागला आणि नंतर तो परत बसवला. तिला आता सहा वर्षे झाली. ती अंथरुणावर आहे, नळीने खात नाही, भरवावे लागते, आणि बोलणे पाच-दहा शब्दांपुरते आहे. शस्त्रक्रियेला संमती देताना आम्हाला "जीव वाचेल" एवढेच कळले होते, "कसा वाचेल" हे आम्ही विचारलेही नाही आणि कोणी सांगितलेही नाही. आजही नातेवाईक मागे बोलतात की तेव्हाच सुटली असती तर बरे झाले असते.

हे लिहिण्याचे कारण तक्रार नाही. आईला आठवड्यातून एकदा केस धुऊन, तेल लावून खिडकीपाशी बसवले की ती रस्त्यावरची वर्दळ तासभर बघते आणि आत न्यायला गेलो की डाव्या हाताने मला ढकलते. तिच्या आयुष्याला दर्जा नाही, असे बाहेरचा माणूस दाराशी उभे राहून ठरवतो. ते मला मान्य नाही. मात्र माझ्या पत्नीच्या आयुष्याच्या दर्जाबद्दल मला कोणी विचारत नाही, आणि ते उत्तर मी इतक्या खात्रीने देऊ शकणार नाही. दिवसपाळीच्या मावशी ब्युरोकडून येतात, दर काही महिन्यांनी बदलतात, आणि प्रत्येक नवीन बाईंना कूस बदलण्यापासून शिकवावे लागते. फिजिओला विम्यातून एक पैसाही मिळालेला नाही.

स्टेम सेलने (मूळपेशींनी) मेंदू बरा करतो म्हणणाऱ्यांपासून सर्वांनी दूर राहावे. आम्हाला एका ठिकाणी काही लाखांचे "पॅकेज" सांगितले गेले होते, सोबत बरे झालेल्या रुग्णांच्या चित्रफिती.

मेंदूवैद्य

दक्षिणायन, आकड्याच्या मर्यादेबद्दल आपण म्हणता ते बरोबर आहे. मी तो आकडा एवढ्यासाठीच दिला की महिन्याभराच्या अवस्थेवरून वर्षभराचे भाकीत करता येत नाही. स्टेम सेलविषयी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची भूमिका स्पष्ट आहे: पक्षाघातासाठी हा मान्यताप्राप्त उपचार नाही, मंजूर चाचणीतच तो वापरता येतो, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून पैसे घेता येत नाहीत. पैसे मागितले की ओळखावे.

पुन्हा_श्रीगणेशा

मी स्वतः रुग्ण आहे. माझा प्रकार वेगळा होता: मेंदूच्या आवरणाखालचा रक्तस्राव, रक्तवाहिनीवरचा फुगा फुटून झालेला. जांघेतून तार नेऊन फुग्यात कॉइल (बारीक तारेचे वेटोळे) भरली, रक्तवाहिन्या आकसण्याचे दुष्परिणाम टाळण्यासाठी तीन आठवडे दर चार तासांनी निमोडिपिनची गोळी, आणि रक्तवाहिन्या आकसतील या भीतीने अतिदक्षता विभागातला मुक्काम. हातपाय पहिल्यापासून ठणठणीत होते, आणि पुढचा सगळा त्रास त्यामुळेच झाला असे म्हणावे लागते, कारण माझ्याकडे बघून कोणालाच काही झाले आहे असे वाटत नाही.

मी मुद्रितशोधनाचे काम करते. आजारानंतर पहिले काम हातात घेतले तेव्हा दोन पानांपर्यंत ऱ्हस्व-दीर्घ अचूक पकडले जात होते. तिसऱ्या पानावर ओळी दिसत होत्या, शब्द वाचता येत होते, पण वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात हातात राहत नव्हती. हा थकवा झोपल्याने जाणारा थकवा नव्हे. लग्नाच्या हॉलमध्ये वाजंत्री, माइक आणि चारी बाजूंनी गप्पा एकदम कानावर आल्या की मला अर्ध्या तासात शब्द सापडेनासे होतात. सासूबाईंना वाटायचे की मी मुद्दाम आत जाऊन पडते. समुपदेशकांनी त्यांना समोर बसवून समजावले तेव्हा हा विषय घरात मिटला.

केतकीताई, तुमच्या यजमानांच्या बाबतीत एक शक्यता पडताळून पाहा. ते टीव्हीसमोर बसतात तेव्हा त्यांना टीव्ही बघायचा असतो की तिथून उठण्याइतके त्राण उरलेले नसते? मी सगळी डोक्याची कामे सकाळी करते, प्रत्येक टप्प्यानंतर अंधाऱ्या खोलीत वीस मिनिटे पडते आणि एका दिवशी एकच बाहेरचे काम ठरवते. चार वर्षांनी मी आता सलग बारा-पंधरा पाने करू शकते. पूर्वी एक फॉर्म (छपाईची सोळा पाने) संपवून चहा घ्यायची सवय होती. तो वेग परत आलेला नाही आणि मी आता त्याची वाट बघत नाही.

एमिलिया क्लार्क या अभिनेत्रीला २०११ मध्ये असाच रक्तस्राव झाला आणि काही काळ स्वतःचे नावही सांगता येत नव्हते, हे तिने २०१९ मध्ये जाहीरपणे लिहिले. ती पुन्हा काम करू लागली याचा मला आधार वाटला, हे खरे. पण शेजारच्या काकूंनी तीच बातमी "बघ, ती कशी उभी राहिली" म्हणून माझ्यासमोर धरली तेव्हा फार राग आला.

वाचा_आणि_भाषा

मी वाचोपचारतज्ज्ञ म्हणून काम करते. ताईंच्या "घरात काय करावे" या प्रश्नापुरते लिहिते.

प्रथम मोजणी. मोका ही ३० गुणांची छोटी चाचणी मराठीतूनही उपलब्ध आहे. तीत घड्याळ काढणे, आकडे आणि अक्षरे आलटून पालटून जोडणे असे भाग असतात, त्यामुळे नियोजनातले दोष जुन्या साध्या स्मरण-चाचण्यांपेक्षा त्यात लवकर दिसतात. पण ती केवळ चाळणी आहे. शक्य असेल तर चिकित्सा-मानसतज्ज्ञांकडून सविस्तर मूल्यमापन करून घ्यावे. मुंबईत हाजी अली येथे केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे आणि वांद्र्याला वाचा-श्रवणासाठी अली यावर जंग संस्था आहे. दोन्हीकडे खासगी दरांच्या तुलनेत खर्च खूपच कमी येतो.

दुसरे, परीक्षा घेणे थांबवा. "सांगा बरं, आज वार कोणता? हे कोण आले आहेत?" असे पाहुण्यांसमोर विचारले जाते आणि माणूस हळूहळू गप्प राहणेच पसंत करतो. त्यापेक्षा भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज सकाळी त्यांनीच कालच्या तारखेवर रेघ मारायची, असे काम द्या. वार आपोआप समोर येतो.

चहाच्या बाबतीत: "साखर घाला" ही सूचना तुम्ही देत राहिलात, तर तुमची सूचना हीच त्या कृतीची सुरुवात होऊन बसेल. ओट्यामागच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर चार टप्प्यांची चिठ्ठी लावा आणि ते थांबले की तोंडाने न सांगता चिठ्ठीकडे बोट दाखवा. काही आठवड्यांनी बोटही दाखवू नका. सुरुवातीला चुका होऊ न देणे महत्त्वाचे आहे, कारण स्मरण कमकुवत असलेला मेंदू चूकही तितक्याच निष्ठेने शिकतो. उठण्यासाठी माणसाच्या हाकेऐवजी मोबाइलचा गजर, आणि गजरानंतर काय करायचे ते मोबाइलखाली ठेवलेल्या कार्डावर. पूर्वी ज्यात त्यांना रस होता ती कामे आधी घ्या. नुसते शब्दकोडे किंवा सुडोकू सोडवल्याने सुडोकू सुधारते; बाजारातून सुटे पैसे बरोबर आणणे त्याने सुधारेलच असे नाही.

ज्यांच्या घरी वाचाघात (मेंदूच्या इजेमुळे भाषा गमावणे) झालेला रुग्ण आहे त्यांच्यासाठी: वाक्य न बोलता येणारा रुग्ण आरती किंवा पाढे घडाघडा म्हणतो, तेव्हा तो ढोंग करत नसतो. पाठ झालेली आणि सुरातली भाषा नव्याने जुळवलेल्या वाक्यापेक्षा वेगळ्या वाटेने येते, आणि उपचारात तिचा उपयोग करता येतो.

एक गोष्ट मात्र कुटुंबीयांच्या बाजूने सांगते. भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर अटेंड नावाची चाचणी झाली होती (२०१७). नातेवाइकांना प्रशिक्षण देऊन घरीच पुनर्वसन करून घेतल्यास परावलंबन कमी होते का, हे तीत पाहिले गेले. सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत फरक आढळला नाही. याचा अर्थ घरच्यांचे श्रम वाया जातात असा मी घेत नाही, पण प्रशिक्षित माणसाची जागा बायकोने किंवा सुनेने भरून काढावी ही अपेक्षा चुकीची आहे, असा नक्की घेते. ताई, तुम्ही पत्नी आहात. दिवसभर थेरपिस्ट होऊ नका.

मसुदा

सेवेविषयीच्या प्रश्नाला उत्तर देतो. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देण्याची घाई अजिबात करू नये आणि कोऱ्या कागदावर सही तर मुळीच देऊ नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० (४) नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने सेवेतून काढता येत नाही किंवा त्याची पदावनती करता येत नाही. तो मूळ पदाचे काम करू शकत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत अन्य पदावर सामावून घ्यावे, आणि तसे पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य (मंजूर संख्येहून जादा निर्माण केलेल्या) पदावर ठेवावे, अशी तरतूद आहे. स्वतःहून अर्ज दिला की हे संरक्षण हातचे जाण्याचा धोका असतो. कार्यालयाला लेखी पत्र द्या, त्यात या कलमाचा उल्लेख करा आणि पोच घ्या. सोबत दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागेल. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी (दिव्यांगांच्या विशेष ओळखपत्रासाठी) अर्ज करता येतो. लाभांसाठी सामान्यतः किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते.

केतकी_सातारा

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या काळात नवीन सीटी स्कॅन झाला. पोकळ्यांमध्ये पाणी वाढलेले नाही. फिट्सची गोळी लेव्हेटिरासेटमच होती. डॉक्टरांनी ती टप्प्याटप्प्याने बदलायला घेतली आहे आणि एकदम चिडण्याचे प्रमाण आताच उतरले आहे. झोपेची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. मोकामध्ये १७ गुण आले. आकडा पाहून वाईट वाटले, परंतु मुलीने तो अहवाल वाचल्यापासून "बाबा मुद्दाम करतात" म्हणणे सोडले आहे. ओट्यावर चिठ्ठी लावली आहे. साखरेपर्यंत ते आता आपण होऊन पोहोचतात, चहापत्तीला अजून बोट दाखवावे लागते. दुपारी बारानंतर कोणालाही भेटायला बोलवायचे नाही, असेही ठरवले आहे.

एक नवीन अडचण आली आहे. उजव्या हाताची सही जुन्या सहीशी जुळत नाही म्हणून बँक त्यांच्या पगाराच्या खात्यातून पैसे काढू देत नाही. शाखेतून मुखत्यारपत्र करून आणा असे सांगितले. ते करावे का?

मसुदा

मुखत्यारपत्र देणाऱ्याला आपण काय देत आहोत हे समजत असेल तरच ते वैध ठरते, आणि भारतीय करार कायद्यानुसार देणारा पुढे समज गमावून बसला तर ते संपुष्टात येते. त्यामुळे ज्यांची समज पूर्ण गेली आहे त्यांच्यासाठी हा मार्ग नाही. तिथे मर्यादित पालकत्वासाठी (रुग्णासोबत मिळून निर्णय घेणारा पालक नेमून घेण्यासाठी) जिल्हा न्यायालयाकडे, आणि बेशुद्धावस्थेतील रुग्णांच्या बाबतीत उच्च न्यायालयाकडे जावे लागते. तुमच्या यजमानांना व्यवहार समजतो, फक्त सही बदलली आहे. आजारी आणि अक्षम खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत: अंगठ्याचा किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो, दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. शाखाव्यवस्थापकांकडे याचा लेखी अर्ज द्या आणि सोबत नवीन सहीचा नमुना नोंदवून घेण्याची विनंती करा.

मेंदूवैद्य

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राबाबत एक पुरवणी. वैद्यकीय मंडळासमोर जाताना केवळ हात-पाय दाखवून परत येऊ नका, कारण चालता येणाऱ्या माणसाची टक्केवारी तेवढ्यावर कमी लागते. मोकाचा आणि मानसतज्ज्ञांचा सविस्तर अहवाल, स्कॅन आणि डिस्चार्ज कार्ड जोडा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार आहेत, त्या सदरातही तपासणी व्हावी असे अर्जात स्पष्ट लिहा. प्रश्नांची उत्तरे यजमान एकदम व्यवस्थित देतील. त्यामुळे घरी स्वतःहून काय होते आणि काय होत नाही, याचे पानभर टिपण तुम्ही तयार ठेवा आणि ते मंडळाकडे लेखी दाखल करा.